वजाबाकीचा रकाना : नैसर्गिक भांडवलाचे मोजमाप आणि जालना जिल्हा

प्रश्न कुठून सुरू होतो

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन ज्यांना बाग जगवणे परवडले नाही, त्यांनी दहा-पंधरा वर्षांची झाडे तोडून सरपणाला दिली. जालना शहरही टँकरवर आले होते. त्या वर्षी जिल्ह्याने काय कमावले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडायला बसले की एक अडचण लगेच पुढे येते. पिकांचे उत्पन्न घटले, ते आकड्यांत दिसते. टँकरचे भाडे सेवा क्षेत्राच्या उत्पन्नात जमा होते. नव्याने घेतलेल्या बोअर आणि विहिरी भांडवलनिर्मितीत जमा होतात. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या पात्रांतून उपसलेली वाळू खाणकामाच्या उत्पन्नात जमा होते. वाळलेली बाग, खोल गेलेले भूजल आणि उघडे पडलेले नदीपात्र यांची मात्र सकल उत्पन्नातून वजाबाकी होत नाही. जमिनीचा तुकडा विकून मुलीचे लग्न लावणाऱ्या घराने ती रक्कम त्या वर्षाची कमाई म्हणून लिहावी, तसा हा प्रकार आहे.

हा दोष जगभरच्या राष्ट्रीय लेख्यांमध्ये आहे आणि तो दूर करण्याचे प्रयत्न किमान चार दशके चालू आहेत. त्या प्रयत्नांचा हा आढावा जालन्यापासून करण्याला कारण आहे. राष्ट्रीय निर्देशकांची बहुतेक चर्चा दिल्लीत, न्यूयॉर्कमध्ये किंवा विद्यापीठांत होते. आकडा मात्र शेवटी तलाठ्याच्या नोंदीतून आणि एखाद्या निरीक्षण विहिरीतल्या पाण्याच्या पातळीतून येतो. कमी पावसाच्या, सगळा भार विहिरीवर असलेल्या आणि वनक्षेत्र जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असलेल्या जिल्ह्यात हे निर्देशक काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, यावरून त्यांची पारख चांगली होते.

जगातली आणि देशातली पार्श्वभूमी

राष्ट्रीय उत्पन्नाची आधुनिक मोजणी घडवणारे सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच बजावले होते की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा निष्कर्ष काढू नये. निसर्गाच्या झिजेचा मुद्दा ऐरणीवर आला तो १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालानंतर. १९९२ च्या रिओ परिषदेने शाश्वत विकासाचे निर्देशक तयार करा, असे देशांना सांगितले. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास आयोगाने १९९६ मध्ये १३४ निर्देशकांची यादी काढली. देशांनी ती वापरून पाहिली, भार पेलेना, आणि २००१ मध्ये यादी ५८ वर आली. २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये ठरली, त्यानंतर निर्देशकांची यादी पुन्हा दोनशेच्या पुढे गेली.

निर्देशकांच्या याद्या अशा लांब-आखूड होत असताना दुसरीकडे हिशेबाची पद्धतच बदलण्याचे काम चालू होते. पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची पहिली पुस्तिका १९९३ ची. त्यांच्या मध्यवर्ती चौकटीला २०१२ मध्ये आणि परिसंस्थांच्या लेख्यांना २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाची मान्यता मिळाली.

भारतात या दोन्ही प्रवाहांना प्रतिसाद मिळाला. राज्यांचे हरित लेखे मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न २००४ नंतर पवन सुखदेव, हरिप्रिया गुंडिमेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सर पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा सरकारला दिला. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय २०१८ पासून ‘एन्व्हिस्टॅट्स इंडिया’ या प्रकाशनात जमीन, वन, खनिज आणि पाणी यांचे लेखे प्रसिद्ध करू लागले. त्याच वर्षी शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी ३०६ निर्देशकांची राष्ट्रीय चौकट जाहीर झाली, आणि डिसेंबरमध्ये नीती आयोगाने ६२ निर्देशकांवर आधारलेला राज्यांचा पहिला निर्देशांक काढला. २०२३-२४ च्या आवृत्तीत ही संख्या ११३ होती.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा

या इतिहासात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. निर्देशकांवरून वाद घालण्याची महाराष्ट्राची स्वतःची जुनी परंपरा आहे, आणि मराठवाडा त्या वादाच्या मध्यभागी राहिला आहे.

तिची पहिली शाखा पैसेवारी. गावातल्या पिकांची त्या हंगामातली अवस्था पैशांत मांडायची, नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम अशा टप्प्यांनी. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई मान्य. आकडा गावाच्या पातळीवर ठरतो, गावाला तो समजतो आणि त्यावर महसुलाची सूट किंवा फी माफी अवलंबून असल्याने त्यावर भांडणही होते. निर्देशक जिवंत असण्याचे याहून मोठे लक्षण नाही.

दुसरी शाखा अनुशेषाची. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजले आणि एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. जालना जिल्हा तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांचा होता. १ मे १९८१ रोजी तो औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके काढून झाला. पुढे निर्देशांक व अनुशेष समिती आली आणि मग विजय केळकर समिती, जिचा अहवाल २०१४ च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळात मांडला गेला. दांडेकरांच्या पद्धतीची ताकद तिच्या साधेपणात होती: मागे किती, तो आकडा रुपयांत, आणि तो भरून काढायचा. तिची मर्यादाही त्यातच होती. सिंचनाचा अनुशेष हेक्टरांत मोजला, पण तेवढ्या हेक्टरांना पुरेल इतके पाणी त्या खोऱ्यात आहे का, हे त्या गणितात बसत नव्हते. केळकर समितीपर्यंत येताना पाण्याला प्रादेशिक समतोलाच्या चर्चेत स्वतंत्र जागा मिळाली, हा या परंपरेतला महत्त्वाचा टप्पा आहे.

अलीकडे यात ‘माझी वसुंधरा’ अभियानाची भर पडली. २०२० पासून पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पंचमहाभूतांच्या चौकटीत स्थानिक संस्थांना गुण दिले जातात. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने २०२५ मध्ये ग्रामपंचायतींचा निर्देशांक जाहीर केला, त्यात ४३५ निर्देशक आहेत. म्हणजे मोजणी आता गावापर्यंत पोचली आहे. काय मोजले जाते, हा प्रश्न उरतो.

मुख्य भूमिका

या क्षेत्रात आज ज्या भूमिका मांडल्या जातात, त्यांतली सर्वांत रुळलेली म्हणजे निर्देशकांच्या यादीची. शाश्वततेला अनेक अंगे आहेत, त्यांची बेरीज करू नये, प्रत्येकाचा आकडा समोर ठेवावा आणि निर्णय राजकीय प्रक्रियेवर सोडावा, असे तिचे समर्थक म्हणतात. राष्ट्रीय निर्देशक चौकट याच मताची आहे. तिच्यावरचा आक्षेप असा की एवढ्या लांब यादीत प्रत्येक खाते आपल्याकडे आधीच असलेला आकडा भरते, आणि केलेले काम मोजले जाते. किती मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या हे कळते. मातीतला सेंद्रिय कर्ब वाढला की घटला हे त्यावरून कळत नाही.

दुसरी भूमिका एकत्रित निर्देशांकाची. एक आकडा, एक क्रम, आणि त्यातून येणारी स्पर्धा. मानव विकास निर्देशांकाने ही गोष्ट करून दाखवली आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात जालना खालच्या गटात आला, आणि जिल्ह्याच्या शिक्षण-आरोग्याच्या चर्चेत तो क्रमांक आजही सांगितला जातो. उत्तराखंडने हवा, माती, झाडे आणि पाणी यांचा मिळून एक पर्यावरण निर्देशांक २०२४ मध्ये मांडला. अडचण भरपाईची आहे. शाळेतली पटनोंदणी वाढली की विहिरींतल्या पाण्याची घट त्याखाली झाकली जाते, कारण सरासरीत दोन्हींची अदलाबदल होते.

तिसरी भूमिका संपत्तीची, आणि बौद्धिकदृष्ट्या तीच सर्वांत सुसंगत आहे, असे माझे मत आहे. दासगुप्ता, केनेथ अ‍ॅरो आणि त्यांचे सहकारी म्हणतात की उत्पन्नाकडे बघू नका, साठ्याकडे बघा. यंत्रे-रस्ते, माणसांचे ज्ञान व आरोग्य, आणि निसर्ग, या तिन्हींचा मिळून दरडोई साठा घटत असेल तर विकास शाश्वत नाही, वाढीचा दर कितीही असो. २०२१ च्या दासगुप्ता अहवालातला अंदाज असा की १९९२ ते २०१४ या काळात जगात दरडोई उत्पादित भांडवल दुप्पट झाले, मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढले आणि नैसर्गिक भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. जागतिक बँकेचे संपत्तीविषयक अहवालही याच घराण्यातले.

या मांडणीला प्रश्न विचारणारे दोन बाजूंनी येतात. हर्मन डेली यांच्या परंपरेतले अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की भूजल संपले तर त्याची जागा रस्ता घेऊ शकत नाही. काही साठ्यांना पर्याय नसतो, त्यांची मर्यादा भौतिक एककात ठरवली पाहिजे. शरच्चंद्र लेले यांच्यासारखे अभ्यासक आणखी पुढे जाऊन विचारतात की निसर्गाची किंमत रुपयांत काढली की कोणाचे किती गेले आणि कोणाला किती मिळाले, हा न्यायाचा प्रश्न बेरजेत हरवतो का. माधव गाडगीळांचा आग्रह लोकांनीच आपल्या परिसराची नोंद ठेवण्याचा होता. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लोकजैवविविधता नोंदवह्यांना आधार दिला. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर त्या पुष्कळ ठिकाणी घाईने भरल्या गेल्या, ही त्या चांगल्या कल्पनेची शोकांतिका आहे. नीट भरलेली नोंदवही कुठल्याही उपग्रह चित्रापेक्षा जास्त सांगते.

जालन्यातली कसोटी: भूजल

जालना जिल्हा जवळजवळ पूर्ण दख्खनच्या बेसाल्टवर बसला आहे. या काळ्या खडकात पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. साठवण थोडी. पावसाळ्यात विहीर भरते, रब्बीत उतरते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुष्कळ गावांत तळ दिसतो. गंगेच्या मैदानातल्या जाड गाळाच्या थरांत भूजल हे भांडवल आहे आणि ते वर्षानुवर्षे घटताना दिसते. इथे साठा दरवर्षी रिता होतो आणि चांगला पाऊस झाला की पुन्हा भरतो. मग इथले नैसर्गिक भांडवल नेमके कोणते? पाणी, की पाणी धरून ठेवण्याची जमिनीची आणि खडकाची क्षमता? माझ्या मते दुसरे. राष्ट्रीय निर्देशक मात्र पहिल्याचे मोजमाप करतो.

ते मोजमाप असे होते. वर्षात पुनर्भरण किती आणि उपसा किती याचे प्रमाण काढायचे. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम पाणलोट क्षेत्रानुसार करते आणि मग तालुक्याचा आकडा निघतो. शाश्वत विकासाच्या निर्देशांकात किती तालुके अतिशोषित, एवढेच शिरते. बेसाल्टमध्ये एका मर्यादेपलीकडे उपसा शक्यच नसतो, कारण विहिरीतले पाणी आधी संपते. म्हणून ८० टक्क्यांवर असलेल्या तालुक्यातही उन्हाळ्यात टँकर धावतात आणि खासगी विहिरींचे अधिग्रहण होते, आणि तो तालुका राष्ट्रीय आकड्यात कुठेच दिसत नाही. शिवाय निरीक्षण विहिरी बहुतेक उघड्या विहिरी आहेत. तीनशे-चारशे फुटांखालच्या बोअरमध्ये काय चालले आहे, ते त्यांच्या पातळीवरून कळत नाही.

या यंत्रणेच्या बाजूनेही सांगायला हवे. १९८४, १९९७ आणि २०१५ अशी मूल्यांकनाची पद्धत तीनदा सुधारली गेली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये वर्षानुवर्षे घेतलेल्या पातळ्यांची इतकी लांब नोंद देशात फार थोड्या नैसर्गिक साधनांची आहे.

जालन्यासाठी भूजलापेक्षा अवघड प्रकरण शेततळ्याचे. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या हातून माथा ते पायथा काम झाले. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे बंधारे. कमी पावसाच्या या गावात पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि उत्पन्न कैक पटींनी वाढले. महाराष्ट्रभरचे शेतकरी तिथे बघायला जातात, आणि ते कौतुक रास्त आहे. द्राक्षांबरोबर शेकडो शेततळीही आली.

वरच्या बाजूने ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, तिरक्या बाजूंचे तळे धरले तर त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटर पाणी मावते. मूळ कल्पना शेतावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची. बागायतदाराचे प्लॅस्टिक कागद घातलेले तळे बहुधा उंच भराव घालून केलेले असते. वाहते पाणी त्यात शिरतच नाही. ते भरतात ते विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने, पावसाळा संपता संपता, विहिरी तुडुंब असताना. उन्हाळ्यात बाग जगते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उघड्या तळ्यातून उडून जाते. सगळ्यांच्या खालचे सामाईक पाणी एकाच्या तळ्यात येते. शासकीय प्रगतीत मात्र हे तळे निर्माण झालेली साठवण क्षमता म्हणून नोंदले जाते. शेतकऱ्याचा दोष यात नाही. बाग वाचवण्याचा दुसरा खात्रीचा उपाय त्याच्याकडे नाही. दोष हिशेबाचा आहे, कारण एकच पाणी एका रकान्यातून दुसऱ्यात गेले आणि बेरीज वाढलेली दिसली.

हाच पेच राज्याच्या जलसंधारणाच्या जलयुक्त शिवार योजनेच्या मूल्यमापनात दिसला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० मध्ये सांगितले की ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा फरक पडला नाही. योजनेच्या समर्थकांनी बंधाऱ्यांतला साठा आणि वाढलेले पीकक्षेत्र पुढे केले. दोन्ही बाजू वेगवेगळे निर्देशक वापरत होत्या. पाणी साठले आणि त्या भरवशावर उपसाही वाढला, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. ते दाखवायला गावाचा पाण्याचा ताळेबंद लागतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून चाललेल्या, हवामान-अनुकूल शेतीच्या पोकरा प्रकल्पात, ज्यात जालना होता, आयआयटी मुंबईच्या मदतीने तो गावोगाव मांडला गेला. माझ्या मते नैसर्गिक भांडवलाच्या लेख्याच्या सर्वांत जवळ जाणारी ही गोष्ट आहे. प्रकल्पाबाहेर तो दरवर्षीचा दस्तऐवज होईल का, हे ठरायचे आहे.

सीमारेषांचा वाद

२०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पैसेवारीची जागा पाऊस, पावसातला खंड, पिकांखालचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, मातीतला ओलावा, धरणसाठा आणि भूजल या निर्देशकांना दिली. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके याच पद्धतीने जाहीर केले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुके जाहीर झाले, त्यांत जालना जिल्ह्यातले भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा होते. जाफराबाद, परतूर आणि घनसावंगी नव्हते. राज्यभर वगळल्याच्या तक्रारी आल्यावर नोव्हेंबरमध्ये हजाराहून अधिक महसूल मंडळे फक्त पावसाच्या निकषावर दुष्काळसदृश ठरवली गेली.

संहितेच्या बाजूने सांगायचे तर तिने हस्तक्षेपाला आणि गावपातळीवरच्या दबावाला आळा घातला, आकडे पडताळता येऊ लागले. विरोधात असे की तणाने हिरवे झालेले शेत उपग्रहाला पिकाने हिरवे झालेल्या शेतासारखेच दिसू शकते, आणि पैसेवारीवर आक्षेप घेता येत होता तसा मातीच्या ओलाव्याच्या निर्देशांकावर गावाला घेता येत नाही. एकक कोणते धरायचे यावरही एकमत नाही. पाऊस मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजतात, भूजल पाणलोटावर, उत्पन्न जिल्ह्यावर, मदत तालुक्यावर. जिल्ह्याचे उत्पन्नही कित्येक क्षेत्रांत राज्याच्या आकड्याची वाटणी करून काढले जाते, हे जिल्हावार तुलना करताना विसरले जाते.

अजून न सुटलेले

नैसर्गिक साधनांची काही अंगे या सगळ्या चौकटींच्या बाहेर आहेत. घाणेवाडी तलावातला गाळ नागरिकांनी पुढाकार घेऊन काढला आणि तो शेतांत गेला. तलावाची क्षमता वाढली, शेताची माती वाढली, आणि गाळ आला त्या वरच्या रानाची माती मात्र गेलेलीच आहे. मातीच्या अशा फिरतीचा लेखा आपल्याकडे नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे बियाणे कंपनी काढली आणि जालना देशाची बियाण्यांची पेठ झाली. त्या काळात जिल्ह्यातून ज्वारी-कापसाची कोणती देशी वाणे गेली, हे सांगणारा निर्देशक कोणत्याही यादीत नाही. वनक्षेत्राला वित्त आयोगाच्या वाटपात चौदाव्या आयोगापासून वजन मिळाले. माळरान आणि गायरान हे ज्या जिल्ह्यांचे नैसर्गिक धन, त्यांच्यासाठी तसे काही नाही.

उपशाची मर्यादा कोणी ठरवायची, हाही प्रश्न तसाच आहे. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, २०१४ पासून लागू. त्यात अधिसूचित क्षेत्रांत पीक आराखड्याची कल्पना आहे. पण किती बागा या शिवाराला पेलतील, असे कुणी जाहीर करायचे ठरवले तर त्यामागचा आकडा गावाने मान्य करायला हवा, आणि तसा आकडा आज दोन यंत्रणांचाही जुळत नाही.

मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धती मान्य केली. नैसर्गिक साधनांची झीज हा उत्पादनाचा खर्च मानून ती निव्वळ उत्पन्नातून वजा करायची, असे तिच्यात आहे. देशांना ती पुढच्या काही वर्षांत लागू करायची आहे. जालन्यापुरते पाहिले तर वाळूची वजाबाकी जमेल, निदान लिलाव झालेल्या घाटांची; तिथे ब्रास मोजलेले असतात आणि दर ठरलेला असतो. भूजलाची जमणार नाही. विहिरींवर मीटर नाहीत. आज उपसा म्हणून जो आकडा वर जातो, तो विहिरींची संख्या आणि पिकाखालचे क्षेत्र यांवरून केलेला अंदाज असतो, आणि सातबाऱ्यावर न चढलेली बोअर त्या अंदाजातही नसते.